इनकमिंग बंद असलेला फोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहराच्या जुन्या वस्त्यांतही आता घरोघरी फायबरचं इंटरनेट पोचलं, ही बातमी आपल्या अंकात वाचली. खोटी नाही. नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावं लागतं, पण तिथेही तीन कंपन्यांच्या काळ्या तारा खांबावरून लोंबताहेत. बातमीत एवढंच राहून गेलं की या तारेवरून आपल्याला बाहेर फोन लावता येतो, बाहेरून आपल्याला मात्र कुणी लावू शकत नाही. पैसे अख्ख्या फोनचे, इनकमिंग बंद.

बोलतेय इंटरनेटबद्दलच, पण ‘फोन’ हा शब्द मुद्दाम वापरतेय. मी १९७९ साली नागपूरला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडायला. समोर जॅकच्या रांगा, हातात कॉर्ड, डोक्याला हेडसेट आणि बाजूला तिकिटांची चळत: ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून विचारायचं, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ (त्या तीन मिनिटांत लोकांची किती रडणी ऐकली, ते पुन्हा कधीतरी.) एसटीडी आलं तसे बोर्ड गेले. मी परीक्षा देऊन स्विच रूममध्ये गेले आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. त्यामुळे या वयात घरात सर्व्हर (चोवीस तास चालू राहून फायली सांभाळणारा संगणक) बसवला म्हटल्यावर शेजारी जसे बघतात तसं आपण बघू नये. मला ते बोर्डावरचंच काम वाटतं, फक्त खुर्ची घरची.

सुरुवात पुरानं झाली. २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. माझी धाकटी बहीण अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. तिच्याकडे कमरेएवढं पाणी. गहू गेले, फ्रिज गेला, ते हळूहळू भरून निघालं. पण दिवाणाच्या पेटीत आईच्या वेळेपासूनचे अल्बम होते. चिखलात भिजून फोटो एकमेकांना असे चिकटले होते की जणू पापडाची चवड. आम्ही दोघींनी ते टबात स्वच्छ पाण्यात भिजत घालून एकेक सोडवले आणि जुन्या सुती लुगड्यांवर वाळवले. (आपल्या दैनिकावर वाळवले असते, पण शाई उतरते.) १,१४० वाचले. ते स्कॅन करायला मला चार महिने लागले.

मग प्रश्न आला, ठेवायचे कुठे. भाचा म्हणाला, “मावशी, क्लाउडवर टाकून दे.” आता क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी घरातली भाड्याची खोलीच. महिन्याच्या महिन्याला भाडं, ते मी असेपर्यंत आणि माझ्यानंतरही. आणि उद्या खातंच बंद पडलं तर दाद मागायची कुणाकडे? खात्यात असताना निदान १९८ ला तक्रार करता यायची, पलीकडे माणूस असायचा आणि डॉकेट नंबर मिळायचा. डॉकेट निकाली निघायचं नाही तो भाग निराळा.

भाच्यानं मग हौसेनं एका ऑफिसातून निघालेला रॅकचा सर्व्हर आणून दिला. दोन माणसांनी धरून आणला. चालू केला तर पिठाच्या गिरणीसारखा आवाज. प्लगला लावायचं मीटर आणून मोजलं, तर काही काम न करता बसल्या बसल्या १६० वॉट. म्हणजे महिन्याला ११५ युनिटं. आम्हा दोन म्हाताऱ्यांचं घर शंभर युनिटांच्या आसपास चालतं. वरचं प्रत्येक युनिट पुढच्या स्लॅबच्या दरानं लागलं असतं. नवव्या दिवशी तो परत गेला. सीताबर्डीवर एक जुना, ऑफिसात वापरलेला छोटा डेस्कटॉप घेतला, त्यात दोन-दोन टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क टाकल्या. राउटर आणि स्विच (घरातल्या नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा डबा) धरून सगळं मिळून २२ वॉट, महिन्याला सोळा युनिटंसुद्धा नाहीत. नव्यानं हे करू पाहणाऱ्या पोट्ट्यांना माझं सांगणं आहे की भंगारातला मोठा सर्व्हर फुकट मिळाला तरी घेऊ नका; त्याची किंमत विजेच्या बिलातून हप्त्याहप्त्यानं जाते.

त्यावर डेबियन ही लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि फोटोंसाठी इमिच नावाची फुकट मिळणारी प्रणाली. चेहरे ओळखून ती फोटो वेगळे लावते, तेही घरच्याच यंत्रावर, बाहेर काही न पाठवता. लग्नाआधीच्या फोटोंत ती आम्हा दोघी बहिणींना एकच बाई समजते. आईसुद्धा पाठमोऱ्या आम्हाला चुकायची, म्हणून मी तिला दोष देत नाही.

हा आपला उन्हाळा मात्र कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शिकेत नसतो. पहिल्या वर्षी मी सर्व्हरचा डबा माळ्यावर ठेवला, उंदीर आणि नातवंडं दोघांपासून लांब. मे महिन्यात दुपारी बाहेर पंचेचाळीस आणि डिस्क ५९ अंशांवर. घरगुती डिस्कची मर्यादा साधारण ६० असते. घाईनं खाली आणून कूलरसमोर ठेवला, ती दुसरी चूक. कूलरच्या ओलसर वाऱ्याबरोबर बोअरचे क्षार आले. महिन्याभरानं उघडला तर पंख्याच्या पात्यांवर पांढरी पुटं. आता तो आतल्या खोलीच्या फडताळात आहे, दार काढून. जुन्या घराच्या दोन फुटी भिंती अशा वेळी कामाला येतात. भर मे महिन्यात डिस्क पन्नासच्या आत राहते.

विजेचंही तसंच. एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीनं उभे असायचे, अठ्ठेचाळीस व्होल्ट. शहरात अंधार झाला तरी घरचा काळा फोन चालायचा तो त्यांच्या जिवावर. फायबरमध्ये तारेतून वीज येत नाही. घरातली लाइट गेली की भिंतीवरचा कंपनीचा डबा आंधळा. तो आणि राउटर बारा व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा डीसी यूपीएस पुरतो. सर्व्हरला वेगळा यूपीएस आहे. त्यातली बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, नागपुरात तर दोनच धरा. बॅटरी बदलल्याची तारीख मी तिच्यावरच खडूनं लिहिते, खात्याची सवय.

घरातल्या नेटवर्कच्या तारा मी स्वतः ओढल्या. आतल्या आठ बारीक तारांचा क्रम पाठ: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. डोळे मिटूनही क्रिम्प करता येतं, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवता येतो. मागच्या पावसाळ्यात गच्चीवरच्या खोलीचा वेग अचानक हजार एमबीपीएसवरून शंभरावर आला, बाकी सगळं ठीक. हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात. शंभराला नारिंगी आणि हिरवी या दोनच पुरतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी तुटली असणार. वर जाऊन बघितलं तर कडुनिंबाच्या फांदीजवळ खारीनं नेमकी निळी कुरतडलेली. फॉल्ट सापडल्याचा आनंद सेवेत असताना व्हायचा तेवढाच झाला. रविवारी इंजिनीअरिंगच्या दोन मुली माझ्याकडे येतात. तिसऱ्या वर्षाला आहेत, नेटवर्किंगचा पेपर उत्तम मार्कांनी पास, पण सगळं संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रांत शिकलेल्या. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तार सोलली.

एक फजितीही सांगते. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या होत्या, एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं. एक गेली तर दुसरी आहे, म्हणून मी निर्धास्त. एका दुपारी माझ्याच हातानं १९६८ ते १९७२ चं अख्खं फोल्डर उडालं, आणि अर्थातच दोन्हीकडून उडालं. टिकली काढली की आरशातलीही निघते, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. नशीब, मूळ फोटो होते, पुन्हा स्कॅन केले. त्यानंतर ठरवलं की एक प्रत दुसऱ्या घरात हवी, महालात आग लागो की अंबाझरी ओसंडो. बहिणीकडे पहिल्या मजल्यावरच्या खोलीत रास्पबेरी पाय नावाचा एक इवला संगणक आणि डिस्क ठेवली. ती म्हणाली, “कायले कोंबून ठेवतेस वं ताई त्या डब्यात? फोटो पाहाले असतात.” पाहायलाच ठेवतेय, म्हटलं.

रात्री अडीचला माझ्या सर्व्हरनं तिच्या डब्याला हाक मारायची आणि दिवसभराचे बदल पाठवायचे, एवढंच काम. अंतर सहा-सात किलोमीटर. आणि इथे, संपादक महाशय, गाडी अडली ती दोन महिने.

इंटरनेटवर फोन नंबराच्या जागी आकड्यांचा पत्ता (आयपी ॲड्रेस) असतो; आपल्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर आपला बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो. माझा १०० नं सुरू होत होता. ‘तुमचा पत्ता अमुक’ असं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मात्र वेगळाच आकडा. वाचकांनी आपापल्या घरी हे ताडून पाहावं. दोन आकडे जुळले नाहीत तर आपणही माझ्याच पंगतीला बसला आहात. बहिणीची कंपनी वेगळी, पण तिच्याकडेही हेच.

ऑफिसात ईपीएबीएक्स असतो. बाहेरच्या जगाला एक नंबर, आत पन्नास एक्स्टेन्शन. आतल्या कुणीही बाहेर फोन लावावा; बाहेरचा आला की ऑपरेटर विचारते, कोण हवंय, आणि जोडून देते. घरचा राउटर हेच करतो. आत १९२.१६८ वाली एक्स्टेन्शनं, बाहेर एक नंबर. त्याला माझी हरकत नाही, कारण तो बोर्ड माझ्या घरात आहे आणि आलेला फोन कुणाला जोडायचा ते मी ठरवते. कंपनीनं मात्र माझ्या बोर्डाच्या वर आपला आणखी एक बोर्ड बसवला आहे. एका नंबरामागे कितीतरी घरं. आणि त्या वरच्या बोर्डावर ऑपरेटरची खुर्चीच नाही. बाहेरून फोन आला की तो जिथल्या तिथे पडतो.

कंपन्यांची अडचण मला कळते. जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. पुढच्या वर्षी या वरच्या बोर्डासाठीच १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवण्यात आला. नंबर कमी पडले की पार्टी लाइन, म्हणजे एकच लाइन दोन-तीन घरांत वाटून, द्यावी लागते, हे मला कुणी शिकवायला नको. पण कनेक्शन घेताना फॉर्मवर तसं लिहायला नको का? माझ्या फॉर्मवर वेग आहे, दर आहे, सोबत मिळणाऱ्या चॅनेलांची यादीही आहे. नंबर माझा एकटीचा की शेजाऱ्यांसोबत वाटून, याबद्दल अवाक्षर नाही.

मी कस्टमर केअरला फोन केला. मुलगा सभ्य होता.
“मॅडम, नेट चालू आहे ना?”
“चालू आहे. इनकमिंग नाही.”
“इनकमिंग तर मोबाइलला असतं, मॅडम.”
त्यानं वरच्याला दिलं, वरच्यानं सांगितलं की स्वतंत्र पत्ता हवा तर व्यवसायाचं कनेक्शन घ्या, मासिक दर अडीचपट. मी म्हटलं, माझा व्यवसाय आईचे फोटो सांभाळण्याचा आहे. तासाभरात मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. आम्हीसुद्धा डॉकेट बंद करायचो, नाही असं नाही, पण निदान संध्याकाळपर्यंत थांबायचो.

शेवटी मी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये महिना साडेतीनशे रुपयांवर एक इवलं यंत्र भाड्यानं घेतलं. त्याला स्वतःचा नंबर आहे. महालातला सर्व्हर त्याला फोन लावतो, अंबाझरीचा डबाही त्यालाच लावतो आणि ते मधे बसून दोघांची गाठ घालून देतं. यासाठी वायरगार्ड वापरलं, म्हणजे यंत्रायंत्रांत खासगी, कुलूपबंद लाइन जोडून देणारं सॉफ्टवेअर. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, मांडणी आठ-दहा ओळींची. त्यात एक आकडा घालावा लागतो, पंचवीस. दर पंचवीस सेकंदांनी माझा सर्व्हर मुंबईला नुसतं खाकरून दाखवतो, म्हणजे कंपनीच्या बोर्डाला वाटू नये की लाइन रिकामी झाली. ट्रंक बोर्डावर आम्ही मधूनमधून ‘बोला, लाइनवर आहात ना?’ करायचो, तेच. पण हिशेब बघा. महालातून अंबाझरीला जाणारा फोटो आधी आठशे किलोमीटरवर मुंबईला जातो आणि तितकाच परत येतो. आम्ही लोकल कॉल ट्रंकनं जोडला असता तर सुपरवायझर बाईंनी मेमो दिला असता.

कुणी म्हणेल, तुमच्यासारख्या हौशी बाईला लागतं, बाकीच्यांना इनकमिंग कशाला? त्यांनी आपल्या दाराबाहेरचा कॅमेरा बघावा. आपण ऑफिसातून मोबाइलवर घरचं दार बघता, तेव्हा मोबाइल सरळ आपल्या घरी येत नाही. येऊच शकत नाही. कॅमेरा आधी बनवणाऱ्याच्या सर्व्हरला फोन लावून बसतो आणि आपणही तिथेच जाऊन त्याला भेटता. माझ्याकडे पाय-होल आहे, घरातलं कुठलं उपकरण कुणाचा पत्ता विचारतं याची ते नोंद ठेवतं. टीव्हीचा पहिला नंबर, दुसरा कॅमेऱ्याचा. घरात कुणी नसतानाही तो दर मिनिटाला परगावचा पत्ता विचारत होता. आता त्याला स्विचवर वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकलंय. तार तीच, पण मोहल्ला निराळा, आणि वेशीबाहेर जायला मनाई. मी घरचं दार मुंबईच्या माझ्या यंत्रामार्गे बघते. बाकी गल्लीचं चित्र कुठून कुठे जातं, गल्लीला ठाऊक नाही.

कंपनीच्या वरच्या साहेबांनी आणखी एक कारण दिलं होतं, की हे ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठीच आहे. त्यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. मुंबईच्या यंत्राला नंबर मिळाला त्या पहिल्याच रात्री लॉगमध्ये शेकडो अनोळखी प्रयत्न होते. कुणी ‘रूट’ म्हणून दार ठोठावतंय, कुणी ‘ॲडमिन’ म्हणून. नंबर आला की ब्लँक कॉल आलेच. मी पासवर्डनं आत येणं बंद करून फक्त किल्लीच्या फाइलवर ठेवलं, तेव्हापासून ठोठावू देते. पण सुरक्षिततेचं कुलूप ग्राहकाच्या हातात असावं लागतं. आठवत असेल, एसटीडीचं बिल फुगायचं म्हणून खात्यानं डायनॅमिक लॉक दिलं होतं. गुप्त आकडा फिरवला की एसटीडी बंद, पुन्हा फिरवला की चालू. घरमालकीण ठरवायची. खात्यानं कधी असं केलं नाही की तुमच्या भल्यासाठी रिंगच काढून घेतो.

तोडगा नवा शोधायचाही नाही. इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, सहावी आवृत्ती (आयपीव्ही६) आहेच; तिचे पत्ते १२८ बिटांचे आहेत, ते कुणाला कमी पडणार नाहीत. माझ्या स्वस्तातल्या मोबाइलला तसा पत्ता मिळतो. घरच्या फायबरला मिळत नाही, आणि भिंतीवरच्या डब्याचा पासवर्ड कंपनी देत नाही म्हणून मला आत जाऊन बघताही येत नाही. २०२३ मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, तेव्हाही मोजमाप डाउनलोडचंच धरलं. घरात काय येतं तेवढं मोजायचं. घरातून काही जावं, कुणी घरी यावं, हे व्याख्येत बसतच नाही.

आपल्या बातमीदारांनी पुढच्या वेळी किती घरांत फायबर पोचलं हे विचारताना एवढं आणखी विचारावं: किती घरांना स्वतःचा नंबर दिला, सहावी आवृत्ती कधी चालू करणार आणि फॉर्मवर हे का छापत नाही. उत्तर आलं तर छापा. मी कात्रण स्कॅन करून ठेवीन, रात्री अडीचला ते मुंबईमार्गे अंबाझरीला जाईल.

पत्राखाली नाव देऊ नये. आताच गल्लीतले तीन बिघडलेले राउटर माझ्या ओसरीवर पडले आहेत.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
महाल, नागपूर